ओव्हल मैदानावरची पंगत

1964 सालच्या मुंबईतल्या युकॅरिस्टिक काँग्रेसचा, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याचा, विषय काढला, की त्या काळचा मुंबईकर आधी पोपबद्दल बोलतो. सांताक्रूझ विमानतळापासून दक्षिण मुंबईपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा उसळलेली गर्दी, पोप सहावे पॉल यांची मोटार, जाताना ती त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदर तेरेसांनी तिच्यावर सोडत काढून कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी पैसे उभे केले, ही हकीकत. काँग्रेस मुळात कशासाठी भरली होती, असे विचारले तर मात्र उत्तर चाचरत येते. 28 नोव्हेंबर ते 6 डिसेंबर असे नऊ दिवस ती चालली. पोप त्यांतल्या मधल्या काही दिवसांचे पाहुणे होते. देशोदेशींचे लोक उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरसमोरच्या ओव्हल मैदानावर जमले, ते मोडलेली भाकर आणि द्राक्षारसाचा पेला यांच्याभोवती. या पुस्तकात पोप आहेत, पण किंचित मागच्या रांगेत. पुढे ठेवली आहे ती भाकर, आणि ती कोणाच्या हातापर्यंत पोहोचली व कोणाच्या नाही, हा प्रश्न.

कॅथलिक माणूस ज्या विधीला मिस्सा म्हणतो आणि प्रॉटेस्टंट प्रभुभोजन, त्याची सुरुवात साध्या जेवणात आहे. अटकेच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली, वाटली आणि माझी आठवण म्हणून हे करत जा, असे सांगितले. घेणे, आभार मानणे, मोडणे, वाटणे या चारही क्रिया कोणत्याही यहुदी घरातल्या जेवणातल्याच. या प्रसंगाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी वर्णन शुभवर्तमानांत नाही. ते पौलाने इसवी सन 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि तिथे ते एका भांडणाच्या ओघात आले आहे. करिंथची ख्रिस्ती मंडळी एकत्र जेवायला जमत, पण ज्याच्याजवळ होते तो आपले आपण खाऊन घेई. एक उपाशी राही, दुसऱ्याला पिऊन झिंग चढे. आपल्याकडच्या माणसाने याची कल्पना शिदोऱ्या एकत्र न करता केलेल्या काल्यासारखी करावी. पौल भडकतो. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता, आणि याला प्रभूचे भोजन म्हणता, असा त्याचा रोख आहे. या रागाच्या भरातच तो त्यांना त्या शेवटच्या रात्रीची आठवण करून देतो. म्हणजे वेदीवर शतकानुशतके उच्चारल्या गेलेल्या शब्दांचा सर्वांत जुना पाठ हा पंगतीतल्या पक्षपातावर ओढलेला आसूड आहे. प्रवचनांत हा संदर्भ पुष्कळदा गळून पडतो. तो पकडून ठेवला तर पुढचा इतिहास वेगळा दिसतो.

शंभर वर्षांनंतर रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. आम्ही रविवारी काय करतो, हे त्याने त्यात सांगून टाकले आहे. ख्रिस्ती लोक गुपचूप जमून भलतेसलते काही करतात अशा वावड्या होत्या, म्हणून त्याने काही झाकले नाही. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचतात. मग प्रमुख चार शब्द बोलतो आणि सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, प्रमुख आपल्याला जमेल तशी आभाराची प्रार्थना करतो, लोक आमेन म्हणतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक वाटा पोहोचवतात. ऐपत असेल तो स्वखुशीने काही देतो, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले कैदी आणि परमुलखातून आलेले यांच्यासाठी खर्ची पडते. आज वसईत किंवा अहमदनगरला रविवारी देवळात गेलात तर क्रम जवळजवळ हाच सापडेल. जस्टिनने वाचन, प्रार्थना, भाकर आणि पैशांचे वाटप या चारही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत, आणि मला त्याच्या मजकुरातली हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वाटप हे त्याच्या लेखी उपासनेनंतरचे समाजकार्य नव्हते, उपासनेचाच भाग होता.

पुढे मंडळी वाढली, देवळे मोठी झाली, आणि वेदी लोकांपासून लांब गेली. मध्ययुगातल्या युरोपात सामान्य माणूस भाकर क्वचितच खाई. इतकी क्वचित, की 1215 च्या लॅटरन परिषदेला वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, ती घ्यावी असा नियम करावा लागला. खाणे कमी झाले तसे पाहणे वाढले. धर्मगुरू भाकर डोक्यावर उंच धरी आणि लोक ती नजर भरून पाहात. 1264 साली पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण साऱ्या चर्चसाठी लावून दिला. त्यासाठी आग्रह धरणारी लिएजची जुलियाना ही तपस्विनी तोवर वारली होती. मग मिरवणुका आल्या. किरणांची आरास केलेल्या सोन्याच्या पात्रात, काचेआड भाकर, वर छत, रस्त्यावर पाकळ्या. मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही, दर्शनाची ओढ त्याला ठाऊक आहे. या भक्तीला सरसकट नावे ठेवणारे अभ्यासक आहेत, मी त्यांतला नाही. पण एक खरे. डोळ्यांनी घेतलेल्या भाकरीत वाटणी लागत नाही, आणि करिंथच्या भांडणाचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

युकॅरिस्टिक काँग्रेसचा जन्म या पाहण्याच्या परंपरेतला. एमिली तामिझिए या फ्रेंच बाईंनी वर्षानुवर्षे बिशपांचे आणि श्रीमंतांचे उंबरे झिजवले, तेव्हा 1881 साली लील या गावात पहिली काँग्रेस भरली. फ्रान्समध्ये शासन आणि चर्च यांचे वाजले होते. शाळांतून, कचेऱ्यांतून धर्म हटवला जात होता, आणि रस्त्यावर उतरून आपण आहोत हे दाखवण्याची कॅथलिकांना गरज वाटत होती. त्यामुळे या काँग्रेसना सुरुवातीपासून शक्तिप्रदर्शनाचा वास आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. 1908 साली लंडनला काँग्रेस भरली तेव्हा ॲस्क्विथ सरकारने पवित्र भाकर रस्त्यावरून मिरवू दिली नाही. शेवटी वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या सज्जातून गर्दीला आशीर्वाद द्यावा लागला. शिकागो, डब्लिन, ब्वेनोस आयरेस, मनिला अशी गावे आणि वर्षे सांगत बसण्यात हशील नाही. प्रत्येक ठिकाणी गर्दीचा आकडा मागच्यापेक्षा मोठा सांगितला जाई.

याच काळात खाण्याकडे परतण्याची चळवळही मुकाट्याने चालू होती. पोप दहावे पायस यांनी 1905 साली वारंवार, शक्य तर रोज, ख्रिस्तप्रसाद घेण्याला उत्तेजन दिले, आणि 1910 साली सातेक वर्षांच्या मुलांना तो देण्याची वाट मोकळी केली. गावोगावच्या 'पहिल्या कम्युनियन'चे पांढरे झगे आणि फोटो त्या निर्णयाचे अपत्य. 1960 साली म्युनिकच्या काँग्रेसमध्ये योसेफ युंगमान या उपासना-इतिहासकाराच्या कल्पनेने मांडणीच पालटली. प्राचीन रोममध्ये सारे शहर एका देवळात जमून बिशपबरोबर एकच मिस्सा करी, तसे साऱ्या जगाने एका गावात जमून करावे. मिरवणूक दुय्यम, एकत्र मिस्सा मुख्य. त्याच आठवड्यात म्युनिकजवळच्या डाखाऊच्या छळछावणीच्या आवारात एका प्रार्थनामंदिराची प्रतिष्ठापना झाली.

म्युनिकनंतरची पाळी मुंबईची. यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस, कराचीत जन्मलेले गोवेकर, आणि भारताचे पहिले कार्डिनल. त्यांची गादीही सहज आलेली नव्हती. 1928 च्या एका करारान्वये मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचे! स्वातंत्र्यानंतर हा कारभार हास्यास्पद झाला. थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइट आर्चबिशपांनी भारतीय माणसासाठी जागा मोकळी केली आणि 1950 साली ग्रेशियस त्या जागी आले. पोर्तुगालचा पीळ मात्र गेला नव्हता. 18 ऑक्टोबर 1964 रोजी पोपनी मुंबईला जाण्याचे जाहीर करताच लिस्बन सरकारने हा आपला अपमान मानला आणि तसे उघडपणे बोलूनही दाखवले. गोवा मुक्त होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. ज्या देशाने गोवा घेतला त्या देशात पोप जातात कसे, हा त्यांचा सवाल. पोप गेले, आणि तेही एअर इंडियाच्या विमानाने.

घरातला विरोध निराळा होता. काँग्रेसच्या आडून धर्मांतराची मोहीम येते आहे, अशी धास्ती अनेक हिंदू संघटनांनी व्यक्त केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, आणि त्या स्थापनेच्या पार्श्वभूमीत अभ्यासक या काँग्रेसचाही उल्लेख करतात. मुंबईने एका वर्षात दोन्ही पाहिले. मला या विरोधापेक्षा दुसरा एक आक्षेप अधिक बोचरा वाटतो, कारण तो थेट काँग्रेसच्या गाभ्यावर बोट ठेवतो. 1964 हे धान्यटंचाईचे वर्ष. भाव चढलेले, अमेरिकेहून पीएल 480 या कायद्याखाली गव्हाची जहाजे येत होती, मे महिन्यात नेहरू गेले होते आणि लालबहादूर शास्त्रींच्या सरकारपुढे पोटाचा प्रश्न आ वासून उभा होता. अशा देशात, भाकरीच्या नावाने भरलेल्या सोहळ्यावर एवढा खर्च? हा प्रश्न विचारणाऱ्यांत ख्रिस्ती लोकही होते. करिंथकरांना पौलाने विचारलेला तो हाच.

त्याचे उत्तर काँग्रेसने दिले का? अर्धे दिले, असे माझे मत आहे. 4 डिसेंबरला पत्रकारांशी बोलताना पोपनी सगळ्या राष्ट्रांना आवाहन केले, की शस्त्रस्पर्धा थांबवा, आणि तिच्यावरच्या खर्चाचा निदान काही भाग गरीब देशांच्या मदतीसाठी एका जागतिक निधीत टाका. उपासनेची भाषा लोकांच्या भाषेत आणण्याचा मार्ग खुला करणाऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाला त्याच दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. योगायोगच तो, पण जस्टिनने एका दमात सांगितलेल्या उपासना आणि वाटप या दोन गोष्टी त्यामुळे पुन्हा शेजारी आल्या. हे आवाहन विरून गेले नाही. 1967 च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो' या विकासविषयक परिपत्रकात पोपनी मुंबईची आठवण देऊन ते पुन्हा मांडले. निधी मात्र त्यांना हवा तसा उभा राहिला नाही.

आदल्या दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना म्हणून दाखवली होती. आज हे उद्धरण सरावाचे झाले आहे. त्या काळी रोमच्या पोपच्या तोंडी ते ऐकणे नवे होते. काँग्रेस सुरू होण्याच्या आधी शहरात भरलेल्या एका परिसंवादात हान्स क्युंग, रायमुंदो पणिक्कर आदी विचारवंत अन्य धर्मांतल्या माणसाच्या तारणाच्या प्रश्नाचा खल करत होते. रस्त्यावरच्या गर्दीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे एका सत्पुरुषाच्या दर्शनाला आले होते. वेदीवरची भाकर मात्र त्यांच्यासाठी नव्हती. ती बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी. यजमान आणि पाहुणे यांच्यातली ही मर्यादा उद्धटपणे पाळता येते आणि अदबीनेही. मुंबईत ती अदबीने पाळली गेली, असे तेव्हाच्या वर्णनांवरून दिसते.

मुंबईत अर्धवट राहिलेल्या उत्तराचा धागा 1976 साली फिलाडेल्फियात पुन्हा हाती आला. तिथल्या काँग्रेसचा विषयच मानवी कुटुंबाच्या भुका असा होता. मदर तेरेसा होत्या, जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे होते, आणि न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी अन्नछत्रे चालवणाऱ्या डोरोथी डे होत्या. डे बाईंची पाळी 6 ऑगस्टला होती. त्याच दिवशी काँग्रेसने सैन्यदलांसाठी मिस्सा ठेवली होती. हिरोशिमाच्या दिवशी सैनिकी मिस्सा, याचे कोणाला काही कसे वाटले नाही, हे त्यांनी भर व्यासपीठावरून सुनावले. हा प्रसंग अनेक अहवालांत चार ओळींत उरकलेला असतो. या साऱ्या परंपरेतला पौलाच्या पत्राशी सर्वांत इमान राखणारा क्षण मी त्यालाच म्हणेन.

आता मराठीकडे. थॉमस स्टीफन्सने 'क्रिस्तपुराण' रचले ते 1616 साली राशोलला छापले गेले. येशूची कथा तेव्हाच ओवीबद्ध मराठीत आली, आणि गोव्या-वसईच्या लोकांनी ती गाइलीही. मिस्सा मात्र लॅटिनच राहिली. साडेतीनशे वर्षे कथा आपल्या भाषेत आणि जेवण परक्या भाषेत, असा प्रकार चालला. लोक देवळात जात, धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीवर पुटपुटे, आणि लोक आपली रोझरी म्हणत बसत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चित्र वेगळे होते. तिथे उपासना पहिल्यापासून मराठीत, आणि नारायण वामन टिळकांची पदे 'उपासना संगीत'मधून भजनाच्या चालीवर गाइली जात. 1965 पासून कॅथलिक मिस्साही मराठीत येऊ लागली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पुष्कळ वृद्धांना ते आवडले नाही. लॅटिनच्या गंभीर नादाची त्यांना सवय होती, आणि धर्मगुरूचे बोलणे एकदम समजू लागल्यावर त्यातली जादू गेल्यासारखे त्यांना वाटले असावे. त्यांची तक्रार मला थट्टेवारी नेण्याजोगी वाटत नाही.

भाषेनंतर देशी रूपाचा प्रश्न आला. 1969 साली भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा सवलतींना रोमने संमती दिली. मांडी घालून बसणे, जोडे बाहेर काढणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, शांतिचुंबनाच्या जागी हात जोडणे, अशा त्या गोष्टी. बंगळुरूच्या केंद्रातून डी. एस. अमलोरपवदास यांनी हे काम नेटाने पुढे नेले. त्यावर तीन बाजूंनी टीका झाली. काही कॅथलिकांना हे हिंदूकरण वाटले. काही हिंदूंना ही धर्मांतराची युक्ती वाटली. तिसरी टीका दलित ख्रिस्ती लोकांची. हे देशीपण कोणाचे? ज्या आचारांनी आम्हाला शतकानुशतके बाहेर ठेवले, तेच आम्ही वेदीपाशी का आणावेत? पहिल्या दोन टीकांना उत्तरे देता येतात. तिसरीपुढे थांबावे लागते. भाकर एक असूनही जात पुसली गेली नाही, हे गोव्यातल्या कोंफ्रारियांच्या, म्हणजे देवळांतल्या बंधुमंडळांच्या, इतिहासातून स्पष्ट दिसते. देवळातला मान आणि सणाची यजमानी कित्येक ठिकाणी जातीनुसार बांधलेली, आणि त्यावरून कज्जे. दक्षिणेत 1833 साली बिशप डॅनियल विल्सन यांना जातिभेद चर्चमधून पूर्णपणे काढून टाका, असे फर्मान काढावे लागले, तेव्हा तंजावरकडच्या पुष्कळ मंडळींनी चर्चच सोडले. या पुस्तकातल्या जातीवरच्या लेखांची भाषा काही वाचकांना कडवट वाटेल. ती सौम्य करायला सांगावी असे मला वाटले नाही.

राहिला ख्रिस्ती लोकांच्या आपापसांतल्या पंगतीचा प्रश्न. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ज्यांच्या वाटाघाटी 1929 पासून चालल्या होत्या, त्यांतले अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन अशा घराण्यांचे लोक एका वेदीशी आले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांचे वारसही त्यांत होते. मेथडिस्टांचा एक मोठा गट ऐन वेळी बाहेर राहिला. कॅथलिकांच्या स्वतःच्या घरातही लॅटिन, सीरो-मलबार आणि सीरो-मलंकारा अशा तीन उपासना-परंपरा आहेत. महाराष्ट्रात आलेल्या केरळी कुटुंबांसाठी 1988 साली कल्याणचा स्वतंत्र सीरो-मलबार धर्मप्रांत झाला, तेव्हा एकाच शहरात दोन बिशप कशाला, अशी कुरकुर झालीच. पण या तिन्ही परंपरांचे लोक एकमेकांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांना ते करता येत नाही. प्रार्थनासप्ताहात ते एकत्र गातात, बायबल वाचतात, एकमेकांच्या व्यासपीठावर बोलतात. भाकर मोडण्याची वेळ आली की वाटा वेगळ्या होतात. मिश्र विवाहांत हा प्रश्न दर रविवारी घरात येतो. ईशज्ञान्यांनी दोन्ही बाजूंची कारणे तपशिलाने मांडली आहेत, आणि शेवटच्या विभागात ती वाचायला मिळतील. ती मला समजतात, पटत नाहीत. 2024 साली इक्वेडोरमधल्या कीटोला त्रेपन्नावी काँग्रेस भरली, तरी हा नियम होता तिथेच आहे.